चप्पल काढली का बाप्पा?

ताई,

मागच्या गुरुवारी सकाळी खिडकीजवळच्या मशीननं मला विचारलं, ‘चप्पल काढली का बाप्पा?’

मी खरोखर पायांकडे पाहिलं. चप्पल पायातच होती. हातातल्या चाव्या टेबलावर टाकल्या आणि मिळेल त्या खुर्चीत बसलो. तू जाऊन अजून महिना झालेला नाही. तुझ्या जलदान विधीला आलेली माणसं अजून रस्त्यात थांबवून मला हळहळ ऐकवतात. आणि इथे काळ्या पडद्यावर तुझी पिवळी अक्षरं, तुझे शब्द, तुझा तोच खेकसण्याचा सूर.

हे मी छापायला देणार आहे, तेव्हा वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगावं लागेल. तू मधे बोलू नकोस. अकोल्याच्या जुन्या शहरातली आपली अभ्यासिका. भरतीच्या परीक्षा आता कॉम्प्युटरवर होतात आणि ज्यांच्या घरी कॉम्प्युटर नाही त्यांनी माउस धरायला शिकायचं कुठे, या एका प्रश्नावर तू भंगारात निघालेली मशीन जमवलीस. त्यांच्यात हार्डडिस्क नव्हत्या. तू म्हणालीस, लागत पण नाहीत. एका मुख्य मशीनवर, म्हणजे सर्व्हरवर, लिनक्स ही फुकटची प्रणाली ठेवायची आणि बाकी साऱ्यांनी वायरवरून त्याच्याकडून घ्यायची. बटण दाबलं की मशीन वायरीवर हाक मारतं, कोणी आहे का? सर्व्हर ओ देतो आणि त्याला सगळं पुरवतो, पडद्यावरच्या अक्षरांपासून साध्या आज्ञांपर्यंत. बंद केलं की मशीन पुन्हा कोरं. काल काय झालं ते त्याला आज ठाऊक नसतं.

म्हणून तर मी घाबरलो. मशीन सुरू होताना उमटणारी, तू लिहिलेली चपलांची ती ओळ दोन वर्षांपूर्वी काढून टाकलेली आहे. संस्थेच्या सचिवांना ती गावंढळ वाटली. पाहुणे येतात, काय म्हणतील? त्यांनी तिथे ‘सुस्वागतम्’ लिहायला लावलं आणि तू दिवसभर माझ्याशी अबोला धरलास, जणू ते मीच सुचवलं होतं. सर्व्हरवरून ती ओळ मी माझ्या हातानं पुसली आहे. मशीनला स्वतःची आठवण नाही. मग ती ओळ त्याला आणून दिली कोणी?

सचिवांवरून आठवलं. तुझ्या जलदान विधीच्या दिवशी, जेवणाचं ताट हातात असताना, ते मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘रेखाताई गेल्या. आता हे कोन सांभाळनार? तुमच्यानं जमते तवर चालवा. पन एक दिवस जरी बंद पडलं तं मी हॉल शिकवनीवाल्याले देऊन टाकतो.’ मी भात कालवत राहिलो. त्यांच्यापाशी भांडायला तू लागायचीस. माझा राग घरी पोचल्यावर येतो.

आणि सर्व्हर तर तेव्हाच आजारी पडला होता. तू गेल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याच्या पोटातून आवाज यायला लागला. टक. मग बराच वेळ काही नाही. मग टक टक. हा आवाज मला अमरावतीच्या माझ्या पहिल्या नोकरीपासून ठाऊक आहे. डिस्क जायला निघाली की असा येतो. मी नक्कल काढायला घेतली, ती अर्ध्यावर अडकून बसली. नवी डिस्क मागितली तर सचिव म्हणाले, बघू. मी रोज सकाळी कुलूप काढायच्या आधी दाराला कान लावून उभा राहायचो. आत टक टक ऐकू आली की हायसं वाटायचं, म्हणजे अजून आहे म्हणून.

तुझी एक गोष्ट इथे सांगतोच. मुंबईहून देणगीवाले आले होते आणि तू त्यांना रुबाबात सगळं दाखवत होतीस. एक मशीन मंद चाललं होतं. तू बोलता बोलता, इकडे न पाहता, त्याचं नेटवर्क बंद करून परत चालू करायला गेलीस. दुसऱ्या कुठल्याही मशीनवर हे रोजचं काम. पण आपलं मशीन उभंच त्या नेटवर्कवर! ते बंद झाल्याबरोबर परत चालू करायची आज्ञासुद्धा सर्व्हरवरच राहिली आणि इकडे मशीन ठार. पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ मात्र सेकंद मोजत होतं. तू पडद्याकडे पाहिलंस, पाहुण्यांकडे पाहिलंस आणि म्हणालीस, ‘चला, आधी चहा घेऊ.’ ते गेल्यावर टेबलावर डोकं ठेवून तू इतकी हसलीस की डोळ्यांतून पाणी आलं.

त्या दिवसापासून आपल्याकडे डबा सुरू झाला. कोणत्याही मशीनच्या दुरुस्तीला हात घालण्याआधी लागतील ती हत्यारं सर्व्हरवरून उचलून मशीनच्या स्वतःच्या तात्पुरत्या मेमरीत घेऊन ठेवायची. मग सर्व्हर राहो की जावो, तेवढं तरी हाताशी राहतं. ‘डबा बांधला काय?’ हे तू रोज विचारायचीस. मी चिडायचो, मला काय पहिल्या दिवसाचा समजतेस का. तू म्हणायचीस, ‘वावरात जानाऱ्या बाईले कोनी सांगा लागते काय, डबा घे म्हून? तरी सासू सांगतेच न?’ आणि दुसरं एक सांगायचीस. ‘घड्याळ चालून राह्यलं म्हून मशीन जित्तं समजू नको.’

तुझं माझं मोठं भांडण एकच होतं आणि ते वर्षानुवर्षं चाललं. मी म्हणायचो, दुसरा सर्व्हर ठेव. एक बसला तर सगळी अभ्यासिका बसेल. तू म्हणायचीस, ‘अमरावतीवाल्याइले सारंच डबल पाह्यजे. दोघं बी ओ देतीन, मंग मशीन कोनाचं आयकनार?’ मी सांगायचो की दुसऱ्याला थांबायला शिकवता येतं. त्यानं हाक ऐकायची, पण काही सेकंद गप्प बसायचं. पहिल्यानं ओ दिली नाही तरच तोंड उघडायचं. यावर तुझं ठरलेलं उत्तर होतं. ‘थांबनं मले जमत नाई, मशीनले काय शिकवू?’

खरंच जमत नव्हतं. समोरच्याचा प्रश्न संपायच्या आत तुझं उत्तर तयार असायचं, आणि बहुतेक वेळा बरोबर असायचं, हेच जास्त चीड आणणारं.

या फेब्रुवारीत चहा पिताना आपण तेच भांडलो. तू बरीच उतरली होतीस. पदराचं टोक सारखं खांद्यावर सावरत होतीस. विचारलं तर म्हणालीस, अकोल्याचं ऊन. थंडी अजून सरली नव्हती आणि तू उन्हाचं कारण सांगत होतीस, आणि मी मान डोलावली, कारण अकोल्याच्या उन्हावर कोणीही काहीही खपवू शकतं. कामंही तू एकेक करून माझ्याकडे सरकवत होतीस. ‘आज तू कर, मी बसते.’ चाव्याही माझ्याकडे आल्या. मी भांडणाच्या भरात म्हणालो, ‘उद्या हा सर्व्हर बसला आणि तू नसलीस तर?’

तू कप खाली ठेवलास. मग म्हणालीस, ‘मी कुठी चालली बाप्पा?’

आता परत त्या गुरुवारकडे येतो. खिडकीजवळच्या मशीनसमोर बसून मी आधी डबा बांधला. मग मशीनला विचारलं, तुला हे सगळं कोण पुरवतंय? उत्तरात नेटवर्कवरचा एक पत्ता आला. तो आपल्या सर्व्हरचा नव्हता. आपल्या कुठल्याच मशीनचा नव्हता. मी त्या पत्त्याला हाक मारून पाहिली. ओ आली. पुन्हा मारली, पुन्हा आली. पडद्यावर एकाखाली एक उत्तरं येत राहिली, शांतपणे, न थकता.

आपल्या भिंतींच्या आत कोणीतरी होतं, ताई, आणि ते कोण हे मला माहीत नव्हतं.

माझा संशय सरळ शिकवणीवाल्यावर गेला. त्याची भिंत आपल्या भिंतीला लागून आहे आणि त्याला हॉल हवा आहे. भोक पाडून वायर घुसवली असेल तर पोरांचे पासवर्ड, सराव परीक्षेच्या प्रश्नपत्रिका, सगळं त्याच्या हातात. शुक्रवारी आणखी दोन मशीननी चपलांची चौकशी केली. मुलंमुली हसत होती, त्यांना वाटलं मीच ताईच्या आठवणीत केलंय. एकीनं माझ्याकडे पाहून डोळे पुसले. खोटं श्रेय घ्यायची वेळ नव्हती, पण खरं सांगायलाही तोंड नव्हतं.

शनिवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, मी सगळ्या मशीनच्या वायरी जिथे जमतात त्या खोक्यापाशी उभा राहिलो आणि वैशालीला खिडकीजवळच्या मशीनसमोर बसवलं. वैशाली तुला ठाऊक आहेच. पातूरकडून रोज बसनं येते, दोन लेकरं सासूजवळ ठेवून. वयाच्या मर्यादेत बसणारी ही तिची शेवटची भरती. मशीन त्या अनोळखी पत्त्याला हाका मारत होतं आणि मी एकेक वायर उपटून परत लावत होतो.

‘चालू हाये सर... चालू हाये... हाये...’ ती सांगत होती. ‘थांबलं!’

मी येऊन पाहिलं. ओ यायची बंद झाली होती. थोड्या वेळानं पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली, सर्व्हर उत्तर देत नाही, प्रयत्न चालू आहे. मग पुन्हा तीच ओळ. कोपऱ्यातलं घड्याळ चालत होतं.

हातातली वायर धरून मी निघालो. ती कपाटामागून गेली, भिंतीच्या कडेनं गेली, आणि शिकवणीवाल्याच्या भिंतीकडे न जाता उलट्या बाजूला वळली. शेवटी एका दरवाजावरच्या भोकातून आत शिरली. मी दारातच थांबलो. दारावर लिहिलं होतं, महिला कक्ष.

या खोलीसाठी तू सचिवांशी किती भांडली होतीस. बायांना दोन घटका पाठ टेकायला, लेकराला दूध पाजायला, एकटीनं रडायलाही जागा हवी, असं तू भर बैठकीत म्हणाली होतीस. पुरुषानं उंबरा ओलांडायचा नाही, दारातून हाक मारायची, हा तुझा नियम. इतक्या वर्षांत मी तो कधी मोडला नाही.

‘आत काय आहे गं?’ मी वैशालीला विचारलं.

‘कुठी?’

‘ही वायर कशाला लावलीय?’

‘ताईच्या पेटीले,’ ती म्हणाली. जणू मी पाण्याच्या माठाबद्दल विचारलं होतं.

‘कोणती पेटी?’

‘कम्पुटरची. खिडकीखाली हाये न. पंखा वाजते तिचा. ताई म्हने बटनाले हात लावू नका, धूळ तेवढी पुसत जा.’

‘आणि तुम्हांला माहीत होतं?’

‘साऱ्याइले माहीत हाये.’

‘मग मला कोणी सांगितलं का नाही?’

ती खरोखर गोंधळली. ‘तुमी कवा इचारलं?’

तिनं पेटी दारापर्यंत ओढून आणली. तुझ्या घरचं जुनं मशीन मी लगेच ओळखलं. त्याच्या अंगावर तुझ्या नातीनं चिकटवलेली फुलपाखरं अजून होती. मी उंबऱ्याच्या अलीकडे मांडी घालून बसलो आणि पडदा जोडला. आत सगळं होतं. आपलं लिनक्स होतं, पोरांचं काम होतं, फक्त ‘सुस्वागतम्’च्या जागी तू तुझी चपलांची ओळ परत घातली होतीस. दुपारच्या जेवणाच्या वेळी ही पेटी मुख्य सर्व्हरवरून सगळं ओढून घेत होती. मी इतके महिने जेवणाच्या वेळी नेटवर्क मंद होतं म्हणून पोरांवर ओरडत होतो की पिक्चर पाहू नका! आणि तिला तू थांबायला शिकवलं होतंस. तंतोतंत मी म्हणत होतो तसं. ती प्रत्येक मशीनची हाक ऐकायची आणि आधी दुसऱ्याला बोलू द्यायची. इतके महिने तो दुसरा वेळेत बोलत होता, म्हणून ही पडद्यावर कधी दिसलीच नाही. आता मरणाऱ्या डिस्कमुळे त्याला ओ द्यायला उशीर व्हायला लागला आणि हिला तोंड उघडावं लागलं.

पहिल्यांदा मला आनंद झाला, हे कबूल करतो. मी जिंकलो होतो. मग इकडे तिकडे पाहिलं तर जिंकल्याचं सांगायला कोणी नव्हतं. तू इतकी गुपचूप हरलीस की मला साधं चिडवताही आलं नाही. वैशालीनं पेटी होती तिथे परत ठेवली आणि वायर लावून दिली.

सोमवारी सराव परीक्षा होती. हॉल भरलेला, सचिव मागच्या खुर्चीत. जेवणाची सुट्टी होऊन गेली होती, निम्मे प्रश्न झाले असतील आणि सर्व्हरचा आवाज थांबला. टक नाही, टक टक नाही. मग एकेका पडद्यावर ती ओळ यायला लागली, उत्तर देत नाही, प्रयत्न चालू आहे. सगळ्यांची घड्याळं चालत होती. मुलं बटणं दाबत होती, काही होत नव्हतं. सचिव उठून उभे राहिले.

‘कोणी घाबरू नका,’ मी म्हणालो. मीच घाबरलो होतो. ‘सगळ्यांनी मशीन बंद करा आणि परत चालू करा.’

सगळे पडदे काळे झाले. मशीननी वायरीवर हाक मारली. कोणी ओ दिली नाही. मला माहीत होतं की ती थांबणार आहे, तूच तिला तसं सांगितलंयस, तरी ते काही सेकंद मी कसे काढले ते मलाच ठाऊक. वैशाली पडद्याकडे न पाहता माझ्याकडे पाहत होती.

आणि मग खिडकीपासून दारापर्यंत, एकामागून एक, सगळ्यांनी विचारलं, ‘चप्पल काढली का बाप्पा?’

पेटीनं जेवणाच्या सुट्टीत सगळं ओढून घेतलं होतं, त्यानंतर लिहिलेली उत्तरं तेवढी नव्यानं लिहावी लागली, पण परीक्षा झाली. वैशालीची पण झाली. सचिव पायांतले बूट बघत निघून गेले. हॉल राहिला, ताई.

संध्याकाळी मी तुमच्या घरी गेलो. भाऊजी अंगणात बसले होते. तू गेल्यापासून त्यांना कोणी काही सांगायला आलं की ते आधी घाबरतात, म्हणून मी लगेच सांगितलं, चांगली बातमी आहे. पेटीचं सांगितलं. ते ऐकत राहिले. त्यांना नवल वाटलं नाही.

‘मीच त बांधून देल्ली गाडीवर,’ ते म्हणाले. ‘पोयाच्या टायमाले.’

म्हणजे मागच्या पोळ्याला. मी विचारलं, तेव्हाच का?

भाऊजी हातातला गमछा चोळू लागले. ‘नागपूरहून रिपोर्ट घिऊन आलो न आमी, त्याच्या दुसऱ्याच दिवशी. मी म्हनलं, आता कायले वझं उचलतं? गुमान पडून राहय. तं म्हने, अमरावतीवाल्याचं खरं हाये. एकावर सारं ठेवू नाई.’

‘मग मला का नाही सांगितलं?’

‘मी बी हेच म्हनलं. सांगून दे त्याले, खूश होईन. तं म्हने, नाई. सांगतलं तं थो इचारीन, आजच काहून पटलं?’

भाऊजींनी आतून पाणी आणून दिलं.

तर हे असं होतं. पोळ्यापासून तुला सगळं माहीत होतं. पोळ्यापासून ती पेटी महिला कक्षात घुरघुरत होती. आणि तरी दिवाळीत, संक्रांतीला, फेब्रुवारीतल्या त्या चहाच्या वेळी तू माझ्याशी तितक्याच जोरात भांडत राहिलीस, हरलेलं भांडण, आवाज चढवून. मान्य केलं असतंस तर मी कारण विचारलं असतं. मी ‘उद्या तू नसलीस तर?’ म्हणालो तेव्हा तू कप खाली ठेवलास. ताई, मला तुझा राग येतो. आणि तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाजवळ तो काढावा हेही कळत नाही. तू मला सांगायला हवं होतंस. मी काही करू शकलो नसतो, पण निदान उन्हाचं कारण तरी तुला शोधावं लागलं नसतं.

काल सकाळी मी महिला कक्षाच्या दारात उभा होतो. आतून पंख्याची घुरघुर येत होती. आणि तिच्याखाली, अगदी बारीक, टक. मग बराच वेळ काही नाही.

मी सरळ घरी गेलो आणि माझं घरचं मशीन गाडीवर बांधलं. दुपारी हॉलमध्ये सगळ्यांसमोर ठेवलं, उघड्यावर, अगदी मधोमध. कोणाला ओ द्यायची, किती थांबायचं, सगळं मोठ्यानं सांगत मांडलं आणि वैशालीकडून पुन्हा करवून घेतलं. डबा बांधूनच. चपलांची ओळ त्यातही तीच ठेवली आहे. सचिवांनी काय ते करावं.

गाडीवरून मशीन उतरवताना वैशाली मदतीला आली होती. तिला सगळं कळलंय, भाऊजींनीच सांगितलं. मशीनचं एक टोक धरून ती तशीच थांबली.

‘सर, हे तुमच्या घरचं हाये?’

‘हो.’

‘आजच काहून आनलं?’

मी हसलो. ती हसली नाही.

‘तब्येत बरी हाये न तुमची?’

ठणठणीत आहे, म्हणालो. तिला पटलं नाही. ती माझ्या तोंडाकडे पाहतच राहिली, अन् मी तिला पाहू दिलं.